कापसाच्या शेडमध्ये रोटरी इंजिन

यंदाचा कापूस विकला गेला आणि हिंगणघाटजवळच्या आमच्या शेडमध्ये विमानाच्या सांगाड्याला जागा झाली. काल त्यावर इंजिन चढवलं. माझदाचं १३बी, दोन रोटर (पिस्टनच्या जागी फिरणारे त्रिकोणी भाग), १३०८ सीसी. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. शाफ्टचे तीन फेरे होतात तेव्हा रोटरचा एक होतो. ही रचना मला अजूनही सुंदर वाटते.

शाफ्ट ६००० आरपीएमने फिरतो, पण विमानाच्या पंख्याला (प्रोपेलरला) तो वेग झेपत नाही. टोकं आवाजाच्या वेगाजवळ जातात. म्हणून मध्ये २.८५ ला १ चा गिअरबॉक्स, म्हणजे पंखा साधारण २१०० वर.

सगळा जीव अडकला होता माउंटमध्ये, म्हणजे इंजिन सांगाड्याला धरून ठेवणाऱ्या चौकटीत. गिअरबॉक्ससकट इंजिन कापसाच्या काट्यावर १५२ किलो भरलं. सहा जीचा, म्हणजे वजनाच्या सहापट झटका धरला तर ९१२ किलो, वर पंख्याचा पीळ. ४१३० क्रोमोली या मजबूत मिश्र पोलादाच्या नळ्या, सगळीकडे त्रिकोण. पहिल्या माउंटला एका सांध्याजवळ केसाएवढी चीर दिसली. वेल्डिंग करणारे काका म्हणाले, "भाऊ, हे कापून टाका. वरून भरलं तं आतून तसंच राहीन." कापलं. पंधरा दिवस गेले, पण काका बरोबर होते.

आता काळजी उष्णतेची. रोटरीची बरीच उष्णता तेलातून काढावी लागते, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. तेलाचा कूलर मोठा घेतलाय. माउंटच्या रबरी बुशांना (हादरे शोषणाऱ्या तुकड्यांना) एक्झॉस्टची धग लागू नये म्हणून मध्ये स्टेनलेसचा पत्रा लावायचाय. उद्या तेच काम.