बंड्याची खाज: कारण शोधताना आलेला अनुभव

आमचा कुत्रा बंड्या दोन वर्षांचा होईपर्यंत त्याच्या कातडीकडे मुद्दाम बघावं असं काही घडलं नव्हतं. मग तो पुढचे पंजे चाटायला लागला. आम्हाला वाटलं, चाळा असेल. पण पंजांवरचे पांढरे केस तांबूस होत गेले (सतत चाटलं की लाळेने असा रंग येतो), कानांना आंबूस वास यायला लागला आणि रात्री पलंगाखाली त्याचं खाजवणं सुरू झालं की मागच्या पायाची टकटक फरशीवर ऐकू येत राहायची. काखेत आणि पोटाखाली लाल चट्टे, शेपटीच्या वरच्या भागात केस विरळ. घरात मनी नावाची मांजरही आहे. तिला मात्र काहीच होत नव्हतं, निदान दिसत तरी नव्हतं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. एकाने टी ट्री ऑइल चोळायला सांगितलं. ते लावलं नाही हे बरंच झालं, कारण हे तेल कुत्र्यामांजरांना विषारी ठरतं, आणि अंगाला लावलेली गोष्ट ही जनावरं चाटणारच. दुसऱ्याचं म्हणणं, एक इंजेक्शन मारून आणा, उद्या खाज गायब. यात तथ्य आहे. स्टेरॉइडने खाज झटपट बसते. पण ती कशामुळे होती हा प्रश्न तसाच राहतो, आणि औषधाचा असर ओसरला की पुन्हा तेच. शिवाय वारंवार स्टेरॉइड म्हणजे जास्त तहान, जास्त भूक, जास्त लघवी, आणि लांबच्या पल्ल्यात त्याहून गंभीर दुष्परिणाम.

आमच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत बंड्याला हात लावायच्या आधी प्रश्नच इतके विचारले की मला वाटलं, तपासणार आहेत की नाही! आधी खाज सुटली की आधी चट्टे आले? वर्षभर असते की ठरावीक महिन्यांत वाढते? घरात माणसांपैकी कुणाला खाज आहे? मांजर बाहेर जाते का? आणि तो दिवसभरात काय काय खातो, अगदी हातातून पडलेल्या घासासकट? मग म्हणाल्या, "खाज थांबवणं अवघड नाही हो. कशाने सुटते ते शोधायला वेळ लागतो. दोन्ही करू, पण क्रमाने. मधली पायरी गाळू नका." त्यांनी एक वही ठेवायला सांगितली. रोज रात्री खाजेला ० ते १० मध्ये गुण द्यायचे: ० म्हणजे अजिबात नाही, १० म्हणजे खाणंझोपणं सोडून खाजवणं. निरोगी कुत्राही अधूनमधून खाजवतोच, त्यामुळे २ पर्यंत चिंता नाही. आमची सुरुवात ८ वर झाली.

पहिली पायरी पिसवांची. मी ठामपणे सांगितलं की बंड्याच्या अंगावर पिसवा नाहीत, मी रोज विंचरते. त्या वाद घालत बसल्या नाहीत. बारीक दातांच्या फणीने शेपटीच्या वरचा भाग विंचरला आणि निघालेली काळी कणी ओल्या पांढऱ्या टिश्यूवर टाकली. मिनिटभरात प्रत्येक कणाभोवती तांबूस लाल कडं उमटलं. पिसूची विष्ठा म्हणजे पचलेलं रक्त. साधी माती असती तर रंग सुटला नसता. जिवंत पिसू एकही दिसली नव्हती. ज्या कुत्र्याला पिसूच्या लाळेची ॲलर्जी असते त्याला दोन-चार चावेही पुरतात, आणि असा कुत्रा स्वतःच चावून-चाटून पुरावा नाहीसा करतो.

नंतरचं ऐकून मात्र मी चक्रावले. घरात पिसवा असतील तर त्यातला जेमतेम ५ टक्के भाग जनावराच्या अंगावर असतो. बाकी सगळा अंडी, अळ्या आणि कोष या रूपात अंथरूणात, गालिच्यात, सोफ्याच्या खाचांत. एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालू शकते. कोषातल्या पिसूपर्यंत फवारणी पोचत नाही, आणि ती तिथे कित्येक महिने दबा धरून राहू शकते. म्हणून एकदा औषध देऊन "गुण आला नाही" म्हणण्यात अर्थ नसतो; घरातल्या प्रत्येक जनावराला निदान तीन महिने सलग औषध द्यावं लागतं. मनीलाही. तिला खाज नव्हती म्हणून ती पिसवांची वाहक नव्हती असं नाही.

इथे डॉक्टरांनी आवाज जरा चढवून एक गोष्ट सांगितली. कुत्र्याचं औषध मांजराला कधीही लावायचं नाही, अर्धं करूनही नाही. कुत्र्यांसाठीच्या पाठीवर लावायच्या कित्येक औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. मांजराच्या यकृताला ते नीट निकामी करता येत नाही. थरथर, झटके आणि मृत्यूपर्यंत गोष्ट जाते. नुकतंच असं औषध लावलेल्या कुत्र्याला मांजराने चाटलं किंवा ते त्याला चिकटून झोपलं तरी धोका असतो. म्हणून बंड्याला त्यांनी पोटात घ्यायची गोळी दिली आणि मनीला मांजरांसाठीचं वेगळं औषध. या गोळीच्या आधी त्याला कधी फिट आली होती का, हेही विचारलं, कारण या गटातली औषधं फिट येणाऱ्या कुत्र्यांत जपून वापरतात.

त्याच भेटीत त्यांनी बंड्याच्या कानाची कड अंगठा आणि बोटात धरून घासली. लगेच मागचा पाय हवेत खाजवायला लागला तर खरजेच्या किड्यांचा संशय घेतात. बंड्याचा पाय हलला, पण अर्धवट. मग ब्लेडच्या बोथट कडेने कातडी खरवडून काच सूक्ष्मदर्शकाखाली घातली. किडे सापडले नाहीत. "सापडले तर आहेतच, नाही सापडले म्हणून नाहीतच असं नाही," त्या म्हणाल्या. खरजेचे किडे खरवडीत बऱ्याचदा हुकतात. पण पिसवांसाठी दिलेली गोळी त्यांनाही मारते, तेव्हा त्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही.

दुसरी पायरी जंतुसंसर्ग. पारदर्शक चिकटपट्टी पंजाच्या बोटांमध्ये दाबून उचलली, निळ्या-जांभळ्या रंगात बुडवली आणि काचेवर ठेवली. मलाही बघू दिलं. भुईमुगाच्या शेंगेसारखे कमरेत आवळलेले जांभळे ठिपके झुबक्यांनी दिसत होते. हे मॅलासेझिया नावाचं यीस्ट, म्हणजे एक सूक्ष्म बुरशी. ते निरोगी कातडीवरही थोडं असतंच. कातडी बिघडली की बेसुमार वाढतं आणि मग त्याचीच खाज सुटते. कानातला तपकिरी मळ आणि तो आंबूस वास याच यीस्टचा. ड्रॉप्स लिहून देण्याआधी त्यांनी कानात दुर्बीण घालून पडदा शाबूत आहे ना ते पाहिलं. पडदा फाटलेला असेल तर काही औषधं आतल्या कानाला इजा करतात, म्हणून कुणाच्या तरी कुत्र्याचे उरलेले ड्रॉप्स आणून घालण्याचा उद्योग करू नये.

औषधी शाम्पू सुरू झाला. त्यात खरी मेहनत फेस अंगावर १० मिनिटं टिकवण्याची. लावला-धुतला असं केलं तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. बंड्याला १० मिनिटं एका जागी उभं ठेवणं म्हणजे काय, हे ज्यांच्याकडे कुत्रा आहे त्यांना सांगायला नको. आम्ही घड्याळ लावून, गप्पा मारत, आळीपाळीने पंजे चोळत वेळ काढायचो. माणसांचा शाम्पू चालणार नाही का, असं सासऱ्यांनी विचारलं होतं. कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा कमी आम्ल असते, त्यामुळे आपला शाम्पू तिला कोरडी करतो, हे उत्तर त्यांना फारसं पटलं नाही, पण बाटली त्यांनी परत ठेवली.

गुण ८ वरून ५ वर आले. वास गेला, कान साफ झाले, शेपटीवर केस फुटले. मी खूश होते. डॉक्टर नव्हत्या. "पिसवा गेल्या, यीस्ट गेलं, तरी ५ आहे. म्हणजे खाली अजून काहीतरी आहे."

तिसरी पायरी आहाराची, आणि माझ्या मते सगळ्यात चिवट. मी विचारलं, रक्ताची चाचणी करून कळणार नाही का? खाण्याच्या ॲलर्जीसाठी मिळणाऱ्या रक्ताच्या, लाळेच्या, केसांच्या चाचण्यांवर भरवसा ठेवता येत नाही. खात्रीचा मार्ग एकच: जुनं सगळं खाणं बंद करून निदान आठ आठवडे एकच ठरलेलं खाणं द्यायचं. बंड्यासाठी त्यांनी हायड्रोलाइज्ड खाद्य निवडलं, म्हणजे ज्यातली प्रथिनं इतकी बारीक तोडलेली असतात की शरीराच्या प्रतिकारशक्तीला ती ओळखू येत नाहीत. दुकानात "मोजकेच घटक" म्हणून विकल्या जाणाऱ्या खाद्यांत वेष्टणावर न लिहिलेली प्रथिनंही तपासणीत सापडलेली आहेत, त्यामुळे चाचणीसाठी ती नकोत.

"पण हेच तर तो पिल्लू असल्यापासून खातोय," मी म्हटलं. बहुतेक जण हेच म्हणतात म्हणे. ॲलर्जी वारंवार खाल्लेल्या गोष्टीचीच तयार होते. काल आणलेल्या नव्या पाकिटावर संशय घेण्यात फारसा अर्थ नाही. कुत्र्यांत सगळ्यात जास्त आढळणारी कारणं म्हणजे बीफ, दुधाचे पदार्थ, चिकन आणि गहू. तेव्हा धान्यविरहित खाद्य आणलं की प्रश्न सुटला, हा समजही फसवा आहे.

आठ आठवड्यांत दुसरं काहीही नाही. ट्रीट नाही, चघळायचं हाड नाही, चवदार टूथपेस्ट नाही. कित्येक जंताच्या आणि पिसवांच्या गोळ्यांना मांसाची चव दिलेली असते. त्याही चालत नाहीत. डॉक्टरांनी हे आधीच धरलं होतं. बारा आठवडे चालणारी पिसवांची गोळी त्यांनी चाचणी सुरू व्हायच्या आधीच देऊन टाकली. मला त्यांच्या या नियोजनाचं मोठं कौतुक वाटलं.

घरातली माणसं ही वेगळी परीक्षा. "अगं, एवढासा तुकडा दिला तर काय होतंय? बघ कसा बघतोय," हे सासऱ्यांचं रोजचं. शेवटी नवीन खाद्याचे मोजलेले दाणे एका डबीत काढून ती डबी त्यांच्या हवाली केली. देण्याचा आनंद त्यांचा, खाणं ठरलेलंच. मनीची वाटी कपाटावर गेली. तिची काही तक्रार नव्हती, उंचावर जेवायला तिला उलट आवडायला लागलं.

पहिले काही आठवडे त्याला खाज दाबणारी गोळीही चालू होती, मग ती थांबवली, कारण गोळी चालू असताना फरक खाण्याने पडला की औषधाने हे कळायला मार्ग नसतो. थांबवल्यावर आकडा वर चढेल या भीतीने मी रोज वही उघडायचे. तो ३ वर राहिला.

इथे बहुतेक लोक थांबतात, आणि मलाही थांबायचं होतं. पण खाज कमी झाली म्हणजे जुन्या खाण्यानेच होत होती, हे सिद्ध होत नाही. दरम्यान ऋतूही बदलला होता, पिसवाही गेल्या होत्या. म्हणून जुनं खाद्य मुद्दाम परत द्यायचं आणि दोन आठवडे वाट बघायची. बरा झालेल्या कुत्र्याला पुन्हा खाजवायला लावायचं, हे जिवावर आलं. पाचसहा दिवसांतच काखा लाल झाल्या, आकडा ६ वर. परत हायड्रोलाइज्ड खाद्यावर आणलं आणि तो उतरला. त्यानंतर एकेक घटक वेगळा देऊन पाहिला: गव्हाने काही झालं नाही, चिकनने झालं.

तरीही पंजे चाटणं पूर्ण गेलेलं नाही. सगळं वगळून उरलेल्या या भागाचं निदान आहे ॲटोपी, म्हणजे धूळकिडे, परागकण अशा आसपासच्या गोष्टींची ॲलर्जी. ती बहुधा सहा महिने ते तीन वर्षांच्या वयात सुरू होते. बंड्या त्यात बसतो. एकाच कुत्र्याला दोन्ही ॲलर्जी असणं नवलाचं नाही. ॲटोपी बरी होत नाही, आटोक्यात ठेवता येते. फिरून आलं की पंजे ओल्या फडक्याने पुसून बोटांमधली जागा कोरडी करतो, शाम्पू ठरल्या दिवशी, पिसवांचं औषध दोघांनाही वर्षभर. वाढत्या दिवसांत खाजेची गोळी काही काळ द्यावी लागते.

आता प्रश्न लसीकरणासारख्या उपचाराचा आहे: कातडीवर चाचणी करून नेमकी कशाची ॲलर्जी ते बघायचं आणि त्याचेच अगदी सूक्ष्म डोस वाढवत न्यायचे. गुण येतोय की नाही हे ठरवायला वर्षभर लागू शकतं आणि सगळ्याच कुत्र्यांना तो येत नाही. सासरे म्हणतात, एवढं चाटतो तर चाटू दे. माझा कल करून बघण्याकडे आहे. पुढच्या भेटीला वही घेऊन जाईन, गेल्या ऋतूचे आकडे बघून डॉक्टर काय म्हणतात त्यावर ठरवू.