मांजरसुंब्याची रबडी आणि केजचा गारा

बीडच्या लॉजवरून निघालो तेव्हा साडेपाच वाजले होते आणि पाऊस नव्हता. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे दिवसभर मास्तर प्रत्येकाला "सकाळी काहीच नव्हतं हो" असं सांगत होता, जणू पाऊस आम्ही लपवून आणला होता.

सायकलवर छत्रपती संभाजीनगर ते नळदुर्ग, पैठण-बीड-अंबाजोगाई-लातूरमार्गे. तिसरा दिवस, मुक्काम अंबाजोगाईला. आम्ही दोघंही निवृत्त. मी बँकेतून, मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेतून. तो गणित शिकवायचा. गावात सगळे त्याला मास्तर म्हणतात, म्हणून मीही. तो मला साहेब म्हणतो, पण ते टोमणा म्हणून.

बीड सोडल्यावर मांजरसुंब्याचा घाट लागतो. सह्याद्रीतल्या घाटांची सवय असलेल्यांना हा घाट म्हणजे चेष्टा वाटेल, पण मागच्या कॅरिअरला बारा-बारा किलोच्या पिशव्या लटकत असल्या की चेष्टा कुणाची होते ते कळतं. हा बालाघाटचा डोंगर. खाली पडणारं पाणी बिंदुसरेतून सिंदफणेत आणि पुढे गोदावरीत जातं. वर चढून गेलं की पाणी मांजरेचं होतं. ती लातूर, बिदर असा लांबचा वळसा घालून तेलंगणाच्या हद्दीवर गोदावरीलाच मिळते. एसटीनं या रस्त्यानं शंभरदा गेलो असेन, पण पाण्याची वाट इथं फुटते हे सायकलवर धापा टाकताना पहिल्यांदा डोक्यात शिरलं. पहिला थेंबही तिथंच, शेवटच्या वळणावर पडला.

मांजरसुंब्याला चहा, गरम भजी आणि वर रबडी. सकाळी सातला रबडी कोण खातं? मास्तर खातो. मीही खाल्ली. कपिलधारच्या फाट्यावर तो घुटमळला, धबधबा जोरात असेल म्हणाला. मी न थांबता पुढे गेलो. किलोमीटरचा हिशोब माझ्याकडे होता.

नेकनूरच्या अलीकडे एका वाडीवर मात्र त्यानं ब्रेक लावलाच. ओल्या रिमवर ब्रेक लगेच धरत नाही, दोन-तीन फेऱ्यांत पाणी पुसलं जातं आणि मग पकडतो, त्यामुळे तो शाळेच्या फाटकापुढे जाऊन थांबला आणि ढकलत मागे आला. तारीख १७ सप्टेंबर. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. १९४८ साली याच दिवशी निजामाचं हैदराबाद संस्थान शरण आलं. आमच्याकडे झेंडा १५ ऑगस्टला लागतो, २६ जानेवारीला लागतो आणि या दिवशीही लागतो. तेहतीस वर्षं नोकरी करून या माणसानं एक झेंडावंदन चुकवलं नव्हतं. गेल्या वर्षीही जुन्या शाळेत जाऊन उभा राहिला होता. यंदा सायकलमुळे चुकणार म्हणून तीन दिवस तो आतल्या आत कुढत होता, आणि हे मला त्या फाटकात कळलं.

पत्र्याच्या पडवीत पस्तीस-चाळीस पोरं, ओल्या गणवेशात. मुख्याध्यापक बाईंनी दोरी ओढली. झेंडा वर गेला होता, पण गाठ सुटेना. भिजलेली गाठ. बाई ओढतायत, फुलांच्या पाकळ्या कापडाला चिकटून बसलेल्या, पोरं सलामीचा हात कपाळाला लावून थांबलेली. मास्तर पुढे झाला. "बाई, सरळ ओढू नका, आडवी हलवा." त्यानं स्वतः दोरीला हात लावला नाही. बाईंनी दोरी डावी-उजवीकडे दोन झटके देऊन हलवली आणि झेंडा उघडला. फडकला नाही, ओला होता, खांबाला लपेटून लोंबला. राष्ट्रगीत झालं. नंतर आम्हालाही रांगेत उभं करून एकेक बिस्किटपुडा दिला. मी घड्याळ बघत होतो. पाऊण तास गेला होता आणि झड धरली होती.

झड म्हणजे काय हे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगायला हवं. धो-धो नाही, वीज नाही, वारा नाही. आभाळ खाली येऊन बसतं आणि बारीक, सारखं, न थकता गळत राहतं. रेनकोट घातला तर आतून घामानं भिजता, काढला तर बाहेरून. केजपर्यंत आम्ही तो दोनदा घातला, दोनदा काढला, मग गुंडाळून ठेवला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन शेंगा धरून उभं होतं आणि सरीत पाणी साचलं होतं.

आता जे सांगायचंय ते माझ्याच्यानं झालं. केजला जेवताना मी म्हणालो, मांजरा धरण बघू. ते केज तालुक्यातच, धनेगावला आहे. लातूर याच धरणाच्या पाण्यावर जगतं. २०१६ साली मी लातूरला होतो. धरण कोरडं पडलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. ती बघायला मी स्टेशनवर गेलो होतो. लोक डब्यांचे फोटो काढत होते. तेव्हापासून मला ते धरण भरलेलं बघायचं होतं. मास्तर म्हणाला, "चल." एवढंच. खरं तर सरळ डांबरी रस्ता सोडायचं काही कारण नव्हतं, पण मोबाइलच्या नकाशात एक बारीक रेघ दिसत होती आणि तिनं सात किलोमीटर वाचत होते.

डांबर दोन किलोमीटरवर संपलं. मग खडी. मग खडीही संपली आणि पाणंद, म्हणजे शेतांमधली कच्ची वाट, सुरू झाली, काळ्या रानातून. तिथल्या चिखलाला आमच्याकडे गारा म्हणतात.

काळ्या मातीविषयी मी शाळेत शिकलोय. बेसॉल्ट झिजून झालेली, पाणी धरून ठेवणारी, भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. उन्हाळ्यात या भेगांत मनगटापर्यंत हात जातो हेही पाहिलंय. पण चाकाला काय करते ते माहीत नव्हतं. पहिल्या वीस फुटांत टायरला एक थर बसला. त्या थराला दुसरा चिकटला. मधे सोयाबीनचा पाला, गवताची मुळं, कुठलासा सुतळीचा तुकडा, असं सगळं गुंडाळत चाक जाडजूड झालं, मडगार्डखाली ठासून भरलं आणि थांबलं. फिरेचना. ढकललं तर सायकल घसरत पुढे येते, चाक जागच्या जागी. मी डब्यातला स्टीलचा चमचा काढून ब्रेकमधली माती खरवडू लागलो. ती निघून चमच्याला बसली. चमच्यावरून बोटानं काढली, बोटाला बसली. बोट सायकलच्या दांडीला पुसलं. तेवढ्यात चप्पल जमिनीत राहिली आणि पाय वर आला.

"सकाळी खाल्ली ती रबडी," मास्तर म्हणाला, "आणि ही तुझी."

मी उत्तर दिलं नाही. मडगार्ड सोडवले, पिशव्या उतरवल्या. अर्ध्या तासात शंभर पावलंही झाली नसतील. भूक लागली तेव्हा मास्तरनं प्लास्टिकच्या पिशवीतून शाळेतला बिस्किटपुडा काढला, माझ्यापुढे धरला. माझा पुडा मी फाटकातच एका पोराला देऊन टाकला होता, घाईत.

मग शेतातून एक जोडपं आलं. दोघांच्याही डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ. त्यानं आधी सायकलींकडे बघितलं, मग आमच्या पिकलेल्या केसांकडे.

"काका, इकडं कामून शिरलात?"

धरण बघायचंय म्हणालो.

"धरण कुठं पळून चाललंय व्हय? आता गारा अर्धवट हाय. एक तर चांगला दणकून पाऊस पडू द्या, म्हंजी पाण्यानं सुटंल. न्हाई तर दोन दिस ऊन पडू द्या. ह्यो मधला गारा लई वंगाळ. वापसा आल्याबिगर आम्हीबी रानात पाऊल टाकीत न्हाई."

वापसा म्हणजे जास्तीचं पाणी ओसरून रानात काम करता येईल इतपतच ओल उरणं.

"मग आता कसे आलात?"

"शेळी सुटली ना."

शेळी खरंच मागून येत होती, बाईच्या हातात दोरी. दसऱ्यानंतर दोघं ऊसतोडीला जाणार होते, कारखाना ठरला होता, मुकादमाची उचल घेऊन झाली होती. आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात, माणसं मोजायची तर 'इतके कोयते' अशी. हे त्यानं मला सांगितलं ते माझी सायकल, पिशव्या परत लटकवून, उसाच्या मोळीसारखी खांद्यावर उचलता उचलता. मी नको नको म्हणालो. तो म्हणाला, "मोळीपरीस हलकीच हाय." बाई मास्तरला म्हणाल्या, "पेट्रोल परवडत न्हाई का भाऊ?" मास्तर म्हणाला, "पेन्शन आहे ताई, पण यांना हौस." यांना म्हणजे मला.

त्यांनी आम्हाला आलो त्याच वाटेनं, बांधाबांधानं खडीवर आणून सोडलं. पैसे घेतले नाहीत. चहा तरी घ्या म्हणालो, तर जवळ हॉटेल कुठं होतं? धरण राहिलंच.

अंबाजोगाईत शिरलो तेव्हा दिवे लागले होते. निजामाच्या काळात हे मोमिनाबाद. मास्तरच्या वडिलांच्या तोंडी शेवटपर्यंत मोमिनाबादच होतं. स्वामी रामानंद तीर्थ इथल्या योगेश्वरी शाळेत मुख्याध्यापक होते आणि मास्तरला ती शाळा आजच, म्हणजे १७ तारखेलाच बघायची होती. गेलो. फाटक बंद होतं. तो दोन मिनिटं पावसात उभा राहिला. या वेळी मी घड्याळ बघितलं नाही, एक तर ते चिखलानं भरलं होतं.

लॉजवाल्यानं सायकली आत घेऊ दिल्या नाहीत, पण नळी दिली. तासभर धुवूनही ब्रेकच्या सांध्यातली माती निघाली नाही. रात्रभरात ती वाळून दगड झाली.

सकाळी पावणेसहाला मी उठून खिडकी उघडली. झड तशीच. पंख्याखाली चार मोजे लटकत होते, चारही ओले. म्हटलं, मास्तर, लातूर पंचावन्न किलोमीटर, निघायचं का? त्यानं एक डोळा उघडला, खिडकीकडे बघितलं, म्हणाला, "वापसा नाही अजून," आणि चादर डोक्यावरून ओढून घेतली.