मामू, बी-आठ आणि बाबांची केलडी

दर रविवारी बाबांचा फोन येतो आणि "जेवलंस?"च्याही आधी विचारलं जातं, "काय गो, तुझी माकडां काय म्हणतत?"

माझी माकडं काही म्हणत नाहीत. गेली सहा वर्षं मी अमेरिकेतल्या एका संशोधन केंद्रात ऱ्हीसस माकडांच्या रक्तातले जनुक वाचते, आणि सहा वर्षांत कामावर जिवंत माकड दोनदा पाहिलंय, तेही काचेपलीकडून. माझ्या टेबलावर येते ती जांभळ्या टोपणाची नळी आणि तिच्यावरचा नंबर. खरी माकडं बाबांकडे येतात. कुडाळजवळच्या आमच्या बागेत केलडी उतरली की तासाभरात झाडाखाली अडसरांचा, म्हणजे कोवळ्या नारळांचा, सडा पडतो. त्यामुळे घरात माकडांचा जाणकार कोण, यावर बाबांना आजवर शंका आलेली नाही.

मी नेमकं काय वाचते ते त्यांना सांगायला मला बाजारातलं धान्याचं पोतं वापरावं लागलं. व्यापारी पोतं उघडत नाही. टोकदार नळी खुपसून मूठभर दाणे बाहेर काढतो, तळहातावर घेतो आणि मालाचं ठरवतो. शरीरातली पेशीही अशीच वानगी दाखवते. आत जी प्रथिनं बनताहेत त्यांचे आठ-दहा कड्यांचे तुकडे ती आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवते. रक्तातल्या पहारेकरी टी-पेशी येतात, बघतात, विषाणूचा तुकडा दिसला तर ती पेशी मारतात. हे तुकडे धरणारे रेणू म्हणजे एमएचसी. प्रत्येक प्रकारच्या रेणूची खाच वेगळी, म्हणून त्यात बसणारा तुकडाही वेगळा. तुमच्याकडे कोणत्या खाचा आहेत ते आईबापांकडून आलेलं असतं.

माणसात या पहिल्या वर्गातले मुख्य जनुक तीन, ए, बी आणि सी. आईकडून तीन, बापाकडून तीन, म्हणजे जास्तीत जास्त सहा प्रकार. ऱ्हीससमध्ये सी नाहीच, पण ए आणि बी यांच्या प्रतींवर प्रती झालेल्या, आणि त्याही प्रत्येक माकडात सारख्या संख्येने नाहीत. एकाच जनावराची यादी विसाच्या घरात जाऊ शकते. पूर्वी एकेका प्रकारासाठी वेगळी पीसीआर लावत. जे शोधायला निघालात तेवढंच सापडायचं, बाकीचं अंधारात. २००९च्या सुमारास नव्या सिक्वेन्सिंग यंत्रांवर सगळी यादी एका फटक्यात वाचता येऊ लागली, तेव्हा कुठे या गर्दीचा खरा अंदाज आला.

नावांची मात्र गंमत आहे. प्रजातीच्या शास्त्रीय नावातली पहिली दोन-दोन अक्षरं घ्यायची. मकाका मुलाटा, म्हणजे आपलं ऱ्हीसस, ते मामु. मकाका फॅसिक्युलारिस, म्हणजे लांब शेपटीचं माकड, ते माफा. मुंबईत चार वर्षं काढलेल्या मुलीने पहिल्याच मीटिंगमध्ये "मामु-ए-झिरो-वन" गंभीर चेहऱ्याने ऐकायचं म्हणजे काय, ते ज्याला कळायचं त्याला कळेल.

आणि मामूने आम्हाला खरोखरच मामू बनवलं. एसआयव्ही हा एचआयव्हीचा माकडांमधला भाऊबंद. आमच्याकडे त्याच्यावरच्या एका लसीची चाचणी चालू होती. बारा माकडं, सहांना लस, सहांना नुसतं मिठाचं पाणी. नंतर सगळ्यांना विषाणू दिला. लसवाल्या सहांपैकी तिघांच्या रक्तात विषाणू मिलिलिटरला हजार प्रतींच्या खाली जाऊन बसला. कुणीतरी केक आणला. माझा अहवाल तेव्हा अर्धवट होता, कारण गट पाडण्याआधी टायपिंगची, म्हणजे कुणाकडे कोणत्या खाचा ते वाचून होण्याची, वाट बघायची कुणालाच सवड नव्हती. पुढच्या आठवड्यात तो पूर्ण झाला, तेव्हा त्या तिघांपैकी दोघांच्या यादीत मामु-बी*०८ निघाला.

बी-आठ भारतीय वंशाच्या ऱ्हीससमध्ये शंभरात पाच-सहांकडे असेल-नसेल. पण ज्यांच्याकडे असतो त्यातली जवळपास निम्मी माकडं, कोणतीही लस न घेता, एसआयव्हीला आपणहून दाबून ठेवतात. माणसात एचआयव्हीच्या बाबतीत बी-२७ आणि बी-५७ हे प्रकार असंच करतात, आणि बी-आठची खाच तर बी-२७ सारखेच तुकडे धरते. थोडक्यात, त्या दोघांचं श्रेय लसीला द्यायचं की त्यांच्या पणजीला, हे सांगता येण्यासारखं उरलं नाही. उरलं एक माकड. एका माकडावर पेपर होत नाही. केक मात्र संपला होता.

तेव्हापासून बातमीत "माकडांवरचे प्रयोग यशस्वी" वाचलं की मी किती माकडं ते बघते, आणि लगेच कुठली माकडं ते शोधते. बहुतेक वेळा बातमीत ते नसतंच.

माझ्या फाइलीत वंशाचा एक रकाना आहे आणि त्यात बहुतेकांसमोर लिहिलेलं असतं: भारतीय. माझ्यासारखीच, फक्त त्यांचा व्हिसा १९७८ साली बंद झाला. पन्नाशीच्या दशकात पोलिओच्या लसीसाठी माकडांची मूत्रपिंडं लागायची, आणि भारतातून वर्षाला लाखाच्या हिशेबात माकडं बाहेर जायची. १९५५ साली लंडनच्या विमानतळावर दिल्लीहून आलेली जवळजवळ चारशे माकडं गुदमरून मेली, तेव्हा निर्यात थोडे दिवस थांबली आणि पुन्हा सुरू झाली. मग अमेरिकेत लष्करी किरणोत्सर्गाच्या प्रयोगांत ती वापरली जात असल्याचा गवगवा झाला आणि मोरारजींच्या सरकारने दारच लावलं. आज अमेरिकेत जी भारतीय म्हणून ओळखली जातात ती त्याआधी गेलेल्यांची नातवंडं-पतवंडं. दार लागल्यावर लोक चीनकडच्या ऱ्हीससकडे वळले. दिसायला तीच माकडं, पण खाचांची यादी निराळी आणि एसआयव्हीचा आजारही त्यांच्यात सावकाश वाढतो. ए-झिरो-वन हा प्रकार भारतीयांत पाचात एकाकडे तरी सापडतो, चिनी ऱ्हीससमध्ये क्वचित. दोन्ही एकाच प्रयोगात सरमिसळ केलीत तर तुम्ही विषाणू मोजत नाही, नकाशा मोजताय.

याच्या अगदी उलट मॉरिशस. सुमारे चारशे-पाचशे वर्षांपूर्वी खलाशांनी आग्नेय आशियातून आणलेली मूठभर माफा तिथे सुटली, आणि आज त्या बेटावरच्या जवळजवळ सगळ्या माकडांचा एमएचसी फक्त सात संचांत बसतो, एम-वन ते एम-सेव्हन. टायपिंग करणाऱ्याला हे सुट्टीसारखं. जुळणारे संच हाताशी असल्याने अवयवरोपणावर काम करणाऱ्यांची तर चंगळच. पण सात संचांत जे दिसलं ते बाकी जगाला लागू पडेल, असं मी शपथेवर सांगणार नाही. (त्याच बेटावर १८३४ नंतर रत्नागिरीकडची माणसं उसाच्या मळ्यांवर गेली. माकडं आजही तो ऊस खातात.)

बाबांना सगळ्यात पटलेली गोष्ट मात्र कोव्हॅक्सिनची. २०२० साली त्या लसीची चाचणी पुण्याच्या एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत, वीस ऱ्हीससवर झाली, पाच-पाचचे चार गट, आणि टाळेबंदीत ती माकडं शोधायला पथकं नागपूरच्या बाजूला गेली होती. "म्हणजे आपलीच," बाबा म्हणाले. पाच-पाचच्या गटात मला आधी खाचाच आठवतात. पण तिथे फरक ढळढळीत होता, लस घेतलेल्यांची फुप्फुसं वाचली आणि न घेतलेल्यांना न्यूमोनिया झाला, म्हणून पाच पुरले. एसआयव्हीसारखा उंदीर-मांजराचा खेळ असतो तिथे ते पुरत नाहीत.

या कामाचा एक फायदा म्हणजे नोंदवहीतला बाप खरा की नुसता कागदावरचा, ते लगेच कळतं. पिल्लाच्या यादीत जो संच आईतही नाही आणि बापातही नाही, तो कुठून तरी आलेलाच असतो. पहिल्यांदा असं सापडलं तेव्हा मी उत्साहाने वरिष्ठ बाईंना मेल टाकला. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, आधी नळी तपास. नळी माझ्याच हातून अदलाबदल झाली होती. दुसऱ्यांदा खरोखर शेजारच्या गटातला नर निघाला.

गेल्या मे महिन्यात घरी गेले होते. सकाळी केलडी आली, बाबांनी फटाका लावला, ती फणसावरून आंब्यावर आणि तिथून शेजाऱ्यांच्या काजूत गेली. एकीच्या पोटाला पिल्लू. ही ऱ्हीसस नव्हेत, दक्षिणेकडची टोपीवाली. यांच्या खाचा मी कधी वाचलेल्या नाहीत. फणसाखाली ताजी लेंड पडली होती आणि विष्ठेतूनही जनुक वाचता येतात, एवढं मनात येऊन मी नुसती वाकून बघत होते.

"ता काय आता अमेरिकेक नेतलंस?" बाबा माडाखालून ओरडले.