वाढदिवसाचं एक नाणं

पावसाळा लागल्यापासून शनिवारी दुपारी नातू माझ्याकडे असतो. लेकीची ड्यूटी असते. परळच्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं खारी-चहा, खारी-दूध घेऊन जुने कार्टून सिनेमे बघत बसतो.

पहिला लावला डिस्नेचा १९७३ सालचा ‘रॉबिन हूड’. त्यात सगळी पात्रं प्राण्यांची. रॉबिन कोल्हा, करवसुली करणारा शेरीफ लांडगा आणि राजपुत्र जॉन म्हणजे आयाळ नसलेला सिंह. मुकुट त्याला ढगळ होतो आणि आईची आठवण निघाली की अंगठा चोखतो. पोरगा खदखदून हसत होता. पैशांच्या थैल्यांचा ढीग दिसला तेव्हा तर डोळे मोठे करून म्हणाला, “आजी, केवढे पैसे!” राग वगैरे काही नाही, कौतुकच.

मग शेरीफ सशांच्या घरात शिरतो. छोट्या स्किपीचा वाढदिवस असतो आणि घरच्यांनी साठवून साठवून त्याला एक फार्दिंग दिलेलं असतं. फार्दिंग म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा, त्यांच्याकडची आपली चिल्लर. शेरीफ तेही खिशात घालतो, वर राजपुत्राच्या वतीने शुभेच्छा देतो. नातू हसायचा थांबला. उठला, कपाटावरचा स्वतःचा मातीचा गल्ला काढला आणि कॉटखाली पार भिंतीपर्यंत सरकवला. मग परत येऊन मला चिकटून बसला.

तेव्हापासून हेच डोक्यात आहे. ख्रिस्ती परंपरेत लोभ सात पापांपैकी एक, आपल्याकडे षड्रिपूंमधला तिसरा. रिपू म्हणजे आतला शत्रू. मोठ्यांनी स्वतःला तपासायला हे ठीक आहे. पण सात वर्षांच्या मुलाला कुणाच्या आतलं काय दिसणार? त्याला पुढे आलेला हात दिसतो. सोन्याने भरलेली गुहा बघून पोरांना गंमत वाटते. त्यांना लोभ कळतो तो लहानाच्या हातातलं काही गेलं की.

पुढच्या शनिवारी १९७७ सालचा ‘द रेस्क्युअर्स’. त्यातली मादाम मेडुसा माझ्या मते डिस्नेच्या सगळ्या लोभी माणसांत सर्वांत खरी. न्यूयॉर्कमध्ये तिचं गहाणवटीचं दुकान आहे. एक भलामोठा हिरा हवा म्हणून ती पेनी नावाच्या अनाथ पोरीला पोहरा सोडावा तसं बादलीतून अंधाऱ्या कपारीत उतरवते. खाली भरतीचं पाणी चढत असतं. पेनीने जावं म्हणून तिचं टेडी वर अडकवून ठेवते. दुसरी रत्नं हाताशी आहेत, पण तिला तोच हिरा पाहिजे. आणि आरशासमोर बसून डोळ्यांचा मेकअप काढता काढता ती पेनीला गोड आवाजात सांगते, तुझ्यासारखीला कोण दत्तक घेणार! त्या वाक्याला माझ्या अंगावर काटा आला.

मी बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली बरीच कॅशला आणि काही सोनेतारणाला. जून महिन्यात शाळेच्या फीसाठी मंगळसूत्रं यायची. सराफ कसोटीवर ओढून बघायचे, मग पाकिटाला लाखेचं सील. तिथे मी गरज बघितली. लोभ बघितला तो कॅशच्या खिडकीत. एक म्हातारी दर एक तारखेला मुलाबरोबर पेन्शन घ्यायला यायची. अंगठा तिचा, नोटा त्याच्या हातात. एकदा ती म्हणाली, “वीस रुपये ठेव रे माझ्याजवळ, नातीला खाऊ न्यायचाय.” त्याने नोटा मोजल्या, दोन्हीकडून रबर लावलं आणि म्हणाला, “चल, उशीर होतोय.” पुढच्या महिन्यापासून मी नोटा आजींच्याच हातात द्यायला लागले. जेमतेम दाराशी पोचेपर्यंत नोटा आजींकडे असायच्या. तो चांगला कमावता होता. वीस रुपयांनी त्याचं काय अडलं होतं, हे मला आजही कळलेलं नाही.

म्हणून हल्लीच्या सिनेमांचं एक मला पटत नाही. खलनायकाला दुःखी बालपण द्यायचं आणि शेवटी मिठी मारायची. मुलांना दया शिकवावी, जरूर शिकवावी. पण आधी स्किपीचं उतरलेलं तोंड दाखवा. शेरीफ असा का झाला हे सांगत बसलात तर स्किपीकडे कोण बघणार? त्या सिनेमात रॉबिन लगेच येतो आणि त्या पोराला स्वतःची टोपी आणि धनुष्यबाण देतो. तेव्हा कुठे माझ्या नातवाचा जीव भांड्यात पडला.

मेडुसा शेवटी तो हिरा टेडीच्या पोटात लपवते. काल अंथरुणं काढताना नातवाच्या कापडी हत्तीची शिवण उसवलेली दिसली. बोट घातलं तर आत दहाचं नाणं. ते तसंच ठेवलं, सुईदोरा घेतला आणि बारीक टाके घालून पोट शिवून टाकलं.