पाखरांच्या मागचं घर

दिल्लीत मावशीकडे जाताना पत्ता हातात असून उपयोग नसायचा. लोधी कॉलनीतले ब्लॉक एकाच साच्यातून काढल्यासारखे: मधे उंच कमान, दोन्ही अंगांना तीच लांबलचक भिंत, समोर तोच रुंद फुटपाथ. लहानपणी मी ब्रेड घेऊन परतताना बिनदिक्कत भलत्याच कमानीत शिरलो होतो. तिथल्या बाईंनी आधी पराठा खाऊ घातला आणि मग माझं घर शोधायला निघाल्या. आता ती गंमत राहिली नाही. ऑटोवाल्याचा फोन आला की मावशी तिच्या सदाशिवपेठी हिंदीत सांगते, "वो चिड़ियावाली दीवार है ना, उसके पीछे." आणि तो बरोबर दारात आणून सोडतो.

ही वसाहत १९४० च्या दशकातली, इंग्रजांनी जाता जाता सरकारी नोकरांसाठी बांधलेली. रस्त्याकडच्या भिंतींना खिडक्या जवळजवळ नाहीतच. इतकी वर्षं त्या भिंतींवर सरकारी फिकट रंगाशिवाय काही चढलं नव्हतं. २०१५-१६ च्या सुमारास 'स्टार्ट इंडिया' या संस्थेने देशोदेशीचे चित्रकार आणून तिथे उतरवले, आणि आज खन्ना मार्केट ते मेहेरचंद मार्केट या टापूत ५० हून अधिक भिंती रंगलेल्या आहेत. मावशीची भिंत रंगायला घेतली तेव्हा काका खाली उतरून बघून आले आणि वर येऊन म्हणाले, "ऑर्डर निघाली असेल ना रे याची?" तीस वर्षं केंद्र सरकारात काढलेल्या माणसाला सरकारी भिंतीवरचं निळं पाखरू बघून दुसरं काय सुचणार! परवानगी आहे असं कळल्यावरच त्यांनी रंगवणाऱ्या पोरांना चहा पाठवला.

सगळीच चित्रं मला आवडतात असं नाही. काही भिंती बँकेच्या कॅलेंडरसारख्या गोड आहेत, काहींपुढे उभं राहिलं की डोळे चुरचुरतात. पण इथली चित्रं माणसाच्या अंगाशी आहेत हे खरं. दिल्लीतल्याच आयटीओ चौकातल्या जुन्या पोलीस मुख्यालयावर २०१४ साली हेन्ड्रिक बायकिर्श आणि अनपू वर्की यांनी काळ्यापांढऱ्यात गांधीजी काढले. ते उत्तमच आहेत, पण बसच्या खिडकीतून मान वाकडी करून बघायचे. लोधी कॉलनीत चित्राला सायकल टेकवून ठेवता येते. प्रेसवाला चित्राला पाठ लावून शर्टाच्या घड्या घालतो.

त्यामुळे बघे येतात, आणि थंडीत तर रीघच लागते. लग्नाआधीचे फोटो काढायला एक जोडपं आलं होतं, मुलीच्या घागऱ्याचा घेर कमानीत मावेना. तिची मैत्रीण वर येऊन विचारू लागली, "आँटी, पाच मिनट कपडे बदल लें?" मावशीने आतली खोली उघडून दिली, वर तिळाची वडीही दिली. ती मुलगी भारावून म्हणाली, "आप कितने लकी हो, रोज़ ये पेंटिंग देखते हो!" मावशी हसली. ती गेल्यावर मला म्हणाली, "अरे, कुठलं रोज? मला ती दिसते भाजी घेऊन येताना, आणि तेव्हा माझं लक्ष पिशवीकडे."

खरंच आहे. तिच्या घरातून पाखरांचा एक पंखसुद्धा दिसत नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यामागे जी भिंत आहे तिच्या पलीकडे, माझ्या अंदाजाने, मोठ्या पाखराचं पोट येतं. फोडणीचा धूर नेमका तिथे. मी तिला म्हटलं, "तू पाखराच्या पोटात पोळ्या लाटतेस." ती म्हणाली, "लाटते खरी, पण खाणारे तुम्हीच."

तिला एकच भिंत मनापासून आवडते, आणि ती रंगवलेली नाहीच. डाकू या नावाने काम करणारा एक चित्रकार आहे. नाव डाकू, आणि तोंडही तो लोकांना दाखवत नाही. त्याने कोऱ्या भिंतीवर इंग्रजी अक्षरं अशी ठोकली आहेत की ती भिंतीतून काटकोनात बाहेर येतात. नुसती बघितली तर पत्र्याच्या कडांशिवाय काही नाही. ऊन वर चढून भिंतीवर आलं की त्यांच्या सावल्या खाली पडतात आणि शब्द उमटतात. सूर्य सरकेल तसे ते तिरपे होतात, लांबतात, पुसट होतात, आणि ऊन गेलं की भिंत परत कोरी. कामाचं नाव 'टाइम चेंजेस एव्हरीथिंग'. मावशीला त्या इंग्रजीशी कर्तव्य नाही. तिने त्या भिंतीचं घड्याळ करून टाकलंय. अक्षरं नीट वाचता यायला लागली की पापड गच्चीत टाकायचे, ती लांबुडकी होऊन विस्कटली की काढायचे. शेजारच्या पंजाबी काकूही आता तेच वेळापत्रक पाळतात.

गेल्या जानेवारीत मी गेलो तेव्हा चार दिवस सूर्य म्हणून दिसला नाही. धुकं असं की समोरचा कडुनिंब अंदाजाने ओळखायचा. मी आणि मावशी मफलर गुंडाळून दूध आणायला निघालो तर त्या भिंतीपुढे कॅमेरे गळ्यात घातलेली तीन पोरं उभी, फोनवरचा फोटो आणि समोरची भिंत आळीपाळीने बघत. त्यातल्या एकाने विचारलं, "आँटी, यहाँ वो शैडोवाली आर्ट थी ना? हटा दी क्या?"

मावशीने मफलर तोंडावरून खाली केला. "हटाई नहीं, बेटा. आज बंद है. धूप निकली तो ग्यारा बजे आना."

आणि मला म्हणाली, "चल लवकर, दूध संपेल."