जुनी .३१५ रायफल पारखून घेताना : माझा अनुभव

भुईमुगाच्या शेंगा भरायला लागल्या की पाटणच्या पश्चिमेकडच्या वाड्यांमध्ये रात्री कुणाला धड झोप नसते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत अर्धा एकर उकरून टाकतो. डबे वाजवणं, फटाके, जुन्या साड्यांचं कुंपण हे सगळं करून झाल्यावर मी रायफलीच्या परवान्यासाठी अर्ज केला. परवाना हातात आल्यावर रायफल शोधण्यात पाच महिने गेले. चार पाहिल्या, तीन सोडल्या, चौथी घेतली. आपल्याकडे बहुतेक जण रायफल पॉलिश आणि किंमत पाहून घेतात, म्हणून काय तपासलं आणि का, ते तपशिलात लिहितो आहे.

कायद्याचं आधी सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हौसेची शिकार बंद आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरासाठीसुद्धा वनखात्याची लेखी परवानगी लागते. ती नसेल तर शस्त्रपरवाना असूनही गुन्हाच होतो. परवानगीनं मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता असतं, त्यामुळे वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्यायचा. गवा या कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे, त्याच्यावर नेम धरायचा विचारही करायचा नाही. आणि कोयना किंवा चांदोलीच्या संरक्षित हद्दीत परवानगीशिवाय शस्त्र घेऊन पाऊल टाकता येत नाही. आमच्या भागात ही हद्द कित्येकांच्या बांधाला लागून आहे.

परवान्याची कागदपत्रं जिल्हाधिकारी कार्यालयात जातात. ए-१ नमुन्यातला अर्ज, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, पोलीस पडताळणी. वेळ लागतो, पण यात अडकण्यासारखं फारसं नाही. अर्जात शस्त्राचा प्रकार मात्र विचार करून लिहावा, कारण छर्ऱ्यांची बंदूक आणि एकच गोळी झाडणारी रायफल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सपाट शेतात, वस्तीजवळ, तीस-पस्तीस मीटरवर काम असेल तर बारा बोअरची बंदूक आणि एस.जी. किंवा एल.जी. म्हणजे मोठ्या छर्ऱ्यांचं काडतूस हेच बरोबर. रायफलीची गोळी चुकली तर तीन किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात, जिथे फडात कोण आहे ते दिसत नाही, तिथे मी रायफल वापरू देणार नाही. आमचं शेत उतारावर आहे, मचाण वरच्या बांधाला आहे आणि गोळी कुठूनही सुटली तरी समोरच्या मातीच्या तालीतच जाते. अंतर साठ-सत्तर मीटर. म्हणून रायफल.

बोअर, म्हणजे नळीचं आणि काडतुसाचं माप, कोणता घ्यायचा, याला आपल्याकडे फारसा वाव नाही. .३०३ हा लष्करी बोअर असल्यानं सामान्य माणसाला प्रतिबंधित आहे. ब्रिटिशांनी तो नागरिकांना नाकारला, आणि त्याच काळात ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर रायफलीचं ८×५० मिलिमीटरचं कडा असलेलं काडतूस .३१५ या नावानं हिंदुस्थानात रुळलं. इशापूरच्या कारखान्यानं पुढे त्याच काडतुसाची रायफल ली-एनफिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या धाटणीच्या बोल्टवर (काडतूस आत ढकलून नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) बनवली. .३०-०६ चा पर्याय होता. ते काडतूस ताकदीनं सरस आहे, पण आमच्या कामाला ती ताकद जास्तीची. .३१५ ची काडतुसं खडकीच्या कारखान्याची, आणि साताऱ्या-सांगलीच्या दुकानांत तीच त्यातल्या त्यात नियमित मिळतात. काडतूस मिळत नसेल तर उत्तम रायफलही कपाटातच पडून राहते.

पहिली रायफल साताऱ्यातल्या एका दुकानात पाहिली. नळी निळीशार, दस्ता चकचकीत. हातात घेतल्यावर पहिली गोष्ट म्हणजे मॅगझिन काढलं, बोल्ट मागे ओढला, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या भागात, डोळ्यानं पाहिलं आणि करंगळी घालून खात्री केली. दुकानदार ‘रिकामीच आहे’ म्हणाला तरी हे करायचंच. मग नंबर पाहिले. बोल्टवरचा आणि बॉडीवरचा (बोल्ट ज्यात बसतो तो धातूचा सांगाडा) नंबर जुळत नव्हता. ली-एनफिल्डच्या जातीत बोल्ट त्या-त्या बॉडीला बसवून दिलेला असतो, दुसऱ्याचा बोल्ट घातला की लॉक होणाऱ्या जागा सारख्या टेकत नाहीत. बॉडीवरचा नंबर आणि प्रूफचे, म्हणजे कारखान्यातल्या दाबाच्या चाचणीचे शिक्के घासून पुसट झालेले होते. याचा अर्थ नवं पॉलिश करताना ती जोरात घासली होती, आणि गंजलेली नसेल तर कोण एवढं घासतं? शिवाय परवान्यावर चढणारा नंबर नीट वाचता येत नसेल तर पुढे प्रत्येक तपासणीला त्रास होतो. नळीत पाहायची गरजच उरली नाही.

दुसरी कराडजवळच्या एका परवानाधारकाची. खासगी व्यवहारात विकणाऱ्यानं जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला ४५ दिवस आधी लेखी कळवावं लागतं, म्हणून रायफल मनासारखी वाटली तरी लगेच ताब्यात घेता येत नाही. सोबत आमच्या गावचे सुभेदार आप्पा होते. सैन्यात आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारे, म्हणून त्यांची नोकरी झालेली. ते म्हणाले, “नळी आधी कोरडी करून घ्या, तेलानं खड्डे झाकतात.” बरोबर होतं. तेलाचा थर असला की आतला भाग आरशासारखा दिसतो. पांढऱ्या सुती कापडाचे चार-पाच तुकडे ओढल्यावर खरी नळी दिसली. बोल्ट काढून, चेंबरच्या बाजूनं बारीक टॉर्च धरून तोंडाकडून पाहिलं आणि मग उलट बाजूनं.

पाहायच्या गोष्टी अशा. आट्यांच्या, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या पिळदार खाचांच्या, कडा धारदार हव्यात, गोल झालेल्या नकोत. चेंबरच्या पुढची दोन-तीन इंच जागा सर्वांत आधी जळते, तिथं तडे किंवा खरखरीत काळपट भाग आहे का. आत कुठं गडद कडं दिसतं का. असं कडं दिसलं तर नळी त्या जागी फुगलेली असते, बाहेरून बोटं फिरवली तर उंचवटा लागतो, आणि अशी नळी कोणत्याही किमतीला घ्यायची नाही. हलके खड्डे मात्र मी चालवून घेतो. ते साफ करायला वेळ लागतो, नेम लगेच बिघडत नाही.

नळीचं तोंड ही वेगळी बाब. गोळी शेवटी जिथून सुटते ती कडा सगळीकडून सारखी हवी. एका बाजूला जरी घासली असेल तर मागचा वायू त्या बाजूनं आधी निसटतो आणि गोळीला तिरका धक्का बसतो. या रायफलीचं तोंड साखळीच्या पुल-थ्रूनं (नळी साफ करायला आतून ओढायचं साधन) खाल्लेलं होतं. डमी (दारू नसलेल्या) काडतुसाची गोळी तोंडात घालून पाहिली, तर ती जवळजवळ काडतुसाच्या मानेपर्यंत आत गेली. चांगल्या नळीत गोळीचा बराच भाग बाहेर राहतो. हे डमीनंच करायचं, जिवंत काडतुसानं कधीच नाही. नळी तोंडाकडून कापून नवीन कडा करता येते, पण ते परवानाधारक कारागिराचं काम, वर लांबीची नोंद बदलते. सोडून दिली.

तिसरी सांगलीला, दिसायला तीनही रायफलींत सर्वांत चांगली. नळी उत्तम, नंबर जुळलेले. मालकाकडे तिचीच डागलेली रिकामी काडतुसं होती, ती मागून घेतली. ज्याला रायफल विकत घ्यायची आहे त्यानं ही मागणी जरूर करावी. तीन काडतुसांवर बुडापासून साधारण एक सेंटिमीटर वर बारीक चमकदार कडं उमटलेलं होतं. तारेचं टोक थोडं वाकवून आतून फिरवलं, तर त्याच जागी खाच लागली. .३१५ चं काडतूस त्याच्या बुडाच्या कडेवर चेंबरमध्ये टेकतं. कडेच्या मागे, बोल्टच्या तोंडापर्यंत जागा जास्त राहिली की डागताना काडतुसाचं अंग चेंबरला चिकटून राहतं आणि बूड मागे ढकललं जातं. पितळ त्या कड्यावर ताणून पातळ होतं. पुढे कधीतरी तिथेच तुटतं, आणि तापलेला वायू बोल्टच्या बाजूनं डोळ्याकडे येतो. हेडस्पेस म्हणतात ते हेच. ती जागा मोजायला कारागिराकडे त्याच बोअरचे गेज, म्हणजे ठरावीक मापाचे धातूचे तुकडे, असतात. ‘गो’ वर बोल्ट बंद व्हायला हवा, ‘नो-गो’ वर नको. ही रायफल ‘नो-गो’ वर आरामात बंद झाली. मालकाला स्पष्ट सांगितलं की दुरुस्त होईपर्यंत यातून एकही गोळी झाडू नका.

चौथी पुन्हा साताऱ्यात, दस्ता जुनाट आणि ओरखडलेला. हिच्यावर दीड तास घालवला.

बोल्टच्या लॉक होणाऱ्या दोन्ही जागांवर मार्करनं शाई लावली, डमी घालून दहा वेळा बंद-उघड केलं. दोन्हीकडची शाई सारखी पुसली गेली. गेजवर बरोबर उतरली. डमीची पाच काडतुसं मॅगझिनमध्ये भरून हळू आणि जोरात, दोन्ही प्रकारे चालवली. कडा असलेल्या काडतुसात भरण्याचा क्रम महत्त्वाचा असतो, वरच्याची कडा खालच्याच्या कडेच्या पुढे हवी. उलटं झालं तर दोन कडा एकमेकींत अडकून बोल्ट रुततो, आणि लोक मॅगझिनला दोष देतात. एक्स्ट्रॅक्टरनं, म्हणजे काडतूस बाहेर ओढणाऱ्या बोल्टवरच्या आकड्यानं, डमी घट्ट धरून बाहेर ओढली, मध्येच सुटली नाही.

मग चाप. या जातीचा चाप दोन टप्प्यांचा असतो, आधी सैल प्रवास आणि मग ठाम अडथळा. मासे तोलायच्या स्प्रिंगच्या काट्यानं ओढून पाहिलं, दुसऱ्या टप्प्याला अडीच किलोच्या आसपास भरला. शेतातल्या रायफलीला एवढा हवाच. ५० मीटर रायफल प्रकार खेळणाऱ्या मुलांच्या .२२ चा चाप फार हलका असतो. तो हाताळलेला माणूस इथेही तसाच चाप मागतो आणि कुणाकडून तरी घासून घेतो. अंधारात, थंडीत, मचाणावर असा चाप जीवघेणा आहे. त्यानंतर सेफ्टी. रिकामी रायफल कॉक करून सेफ्टी लावली, चाप जोरात ओढून सोडला, मग सेफ्टी काढली. सेफ्टी काढताच काडतुसावर आदळणारी पिन पडली असती तर तिला अडवून धरणारा आतला सिअर झिजला असं समजायचं. पडली नाही. कॉक करून दस्ता रबरी चटईवर चार-पाचदा आपटला, बोल्ट वेगानं बंद केला, तरी पडली नाही.

दोष दस्त्यात होता. बॉडीच्या मागे जिथं लाकूड धातूला टेकून धक्का झेलतं, तिथं केसासारखी चीर. पुढचं लाकूड नळीला एका बाजूनं चिकटलेलं, दहाची नोट डावीकडून सरकत होती, उजवीकडून अडकत होती. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि असा एकतर्फी दाब आणखी वाढतो. सकाळी एक नेम आणि नळी तापल्यावर दुसरा, असं होतं ते यामुळेच. पण लाकूड बदलता येतं, दुरुस्त होतं. नळी आणि बोल्ट बदलणं परवडत नाही. याच कारणावर किंमत कमी करून घेतली, कारागिराकडून चीर भरून टेकायच्या जागा सारख्या करून घेतल्या. रायफल लगेच पोलीस ठाण्यात दाखवून नंबरची नोंद करून घेतली.

झिरो करायला, म्हणजे साइट आणि गोळी एकाच जागी जुळवायला, सेंटरफायरची (.२२ पेक्षा ताकदवान अशा काडतुसांची) मुभा असलेली रेंज शोधावी लागली. आधी २५ मीटर, मग ५०. वाळूच्या पिशवीवर पुढचं लाकूड टेकवायचं, नळी नाही. पाच गोळ्यांचा गट साडेसहा सेंटिमीटरचा पडला. उघड्या साइटला हे समाधानकारक. गट मात्र नऊ सेंटिमीटर खाली आणि सहा सेंटिमीटर डावीकडे होता. किती दुरुस्ती करायची याचं गणित सोपं आहे: चूक गुणिले दोन साइटमधलं अंतर, भागिले निशाणाचं अंतर. माझ्या रायफलीवर दोन साइटमधलं अंतर ५१० मिलिमीटर. म्हणून उंचीसाठी ९० × ५१० ÷ ५०,००० म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर, आणि बाजूसाठी ०.६. माशी, म्हणजे नळीच्या तोंडाजवळची पुढची साइट, चुकीच्या दिशेला सरकवायची, म्हणजे गोळी डावीकडे जात असेल तर माशी डावीकडे. गोळी खाली जात असेल तर माशी तेवढी बुटकी हवी. कारागिरानं एकदम ०.९ न घासता ०.३ च्या टप्प्यांनी घासली, कारण घासलेला धातू परत येत नाही. काडतुसांचा लॉट बदलला की पुन्हा तीन गोळ्या झाडून पाहतो. फरक पडतो.

दुर्बीण बसवली नाही. या बॉडीवर त्यासाठी भोकं पाडावी लागतात आणि सत्तर मीटरला गरज नाही.

आता पावसाचं. कोयनेच्या खोऱ्यात जून ते सप्टेंबर हवेतच पाणी असतं. जुन्या साठ्यातल्या काडतुसांच्या टोपीतून, म्हणजे पिन आदळते त्या बुडातल्या ठिणगी-टोपीतून, नळीत क्षार उरतो. तो ओलावा ओढतो आणि आठवड्यात खड्डे पाडतो. तेलानं क्षार विरघळत नाही, पाण्यानं विरघळतो. त्यामुळे डागल्याच्या दिवशीच बोल्ट काढून चेंबरच्या बाजूनं नरसाळ्यानं लिटरभर उकळतं पाणी सोडतो. गरम नळी लवकर वाळते. मग कोरडी कापडं, शेवटी तेलाचा पातळ हात, आणि दोन दिवसांनी पुन्हा एकदा पाहतो. बोल्टचं तोंडही तसंच धुतो. कातडी किंवा कॅनव्हासच्या खोळीत रायफल ठेवत नाही, ती ओल धरते. लोखंडी कपाटात उभी, बोल्ट वेगळ्या कुलपात, काडतुसं तिसरीकडे.

निवडणूक लागली की रायफल पोलीस ठाण्यात जमा करावी लागते आणि तिथं ती कित्येक आठवडे इतर शस्त्रांना टेकून राहते. जमा करण्याआधी नळीत नेहमीपेक्षा जाड तेल, बोल्टला तेल, आणि पावतीवर नंबरासोबत दस्त्याची स्थिती लिहून घेतो. परत मिळाल्यावर पहिलं काम म्हणजे तेल पूर्ण पुसून नळीत टॉर्च टाकून पाहणं. तेल भरलेल्या नळीतून पहिली गोळी वेगळीच जाते, आणि मचाणावर बसलेल्या माणसाचं काम त्या पहिल्याच गोळीवर अवलंबून असतं.