टेपर आटे, ३.५८ आणि वाया गेलेला आठवडा

आधी चिडचिड सांगून टाकतो, मग बाकीचं नीट लिहिता येईल. एका ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 'टेपर ३°३५′' एवढंच लिहिलं होतं. टेपर म्हणजे आटे पाडलेला भाग टोकाकडे निमुळता होत जातो तो उतार. त्या एका आकड्यापायी माझा आठवडा गेला आणि थ्रीडी प्रिंटरचं जवळजवळ पाऊण रीळ फिलामेंट (छापायची प्लास्टिकची तार) गेलं. बरं, आकडा चुकीचा असता तर भांडता तरी आलं असतं. तो बरोबर होता.

काम साधं. गिऱ्हाइकाकडे अमेरिकन बनावटीचा पंप, त्याच्या तोंडाला अर्धा इंची एनपीटी आटे, म्हणजे अमेरिकन मानकाचे निमुळते पाइप-आटे. आपल्याकडची लाइन बीएसपीटीची, म्हणजे ब्रिटिश मानकाची. मधे जागा इतकी कमी की बाजारातला अॅडॅप्टर मावत नव्हता, म्हणून आखूड बनवायचा होता. आधी प्लास्टिकमध्ये छापून बघायचा, बसला की पितळेत. बीएसपीटीचं टोक माझ्या जुन्या फाइलमध्ये तयार होतं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

हे दोन आटे एकमेकांत घालून काम भागेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. अर्ध्या इंचात दोन्हींना इंचाला १४ आटे, टेपरही दोन्हींचा सोळाला एक. त्यामुळे एकात दुसरा दोनेक फेऱ्या गोड फिरतो. पण एनपीटीच्या आट्याच्या खाचेचा कोन ६० अंश आणि बीएसपीटीचा ५५, व्यासही जरा वेगळे. नळाला धागा-सफेदा लावून वेळ मारून नेता येते, दाबाच्या लाइनवर नाही.

तर मी फ्रीकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बसलो. पिच, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर, २५.४ भागिले १४, १.८१४ मिलिमीटर. ३°३५′ चे दशांश केले, ३.५८ (इथे ३.३५ टाकणारेही पाहिलेत, मी तसला नाही, असं वाटून जरा छातीही फुगली). शंकूचा तिरपा कड मधल्या अक्षाशी ३.५८ वर आणि हेलिक्सच्या (आटे ज्या वळणावर चढतात त्या रेषेच्या) कोनाच्या रकान्यातही ३.५८. तासाभरात आटे तयार. शंकूवर इतके चपखल बसले होते की मी स्क्रीनचा फोटो काढून भावाला पाठवला.

छापला, पंपाच्या जोडीचा एक जुना एल्बो होता त्यात फिरवला. सव्वादोन फेऱ्या आणि ठप्प. एल्बोच्या ओठाशी घट्ट, आत मात्र पुढचं टोक चक्क हलत होतं.

इथून पुढे चार दिवस मी प्रिंटरला दोष दिला. आधी वाटलं प्लास्टिक फुगलं असेल, म्हणून व्यास ०.२ मिलिमीटरने कमी केला. अडीच-पावणेतीन फेऱ्या गेला आणि पुढचं टोक आणखी हलायला लागलं. मग अख्खा तुकडा ९९ टक्क्यांवर छापला, मग ९८ वर. स्केल केलं की पिचही आक्रसतो हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण वैतागलेला माणूस काय काय करतो! नोझल बदललं. पीएलए प्लास्टिक काढून पीईटीजी प्लास्टिक लावलं. रात्री दीड वाजता आट्यांची टोकं कानशीने घासत बसलो होतो. बायको म्हणाली, "अहो, विकत आणा की एखादा." बाजारचा मावत नाही हे तिला तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज चढला, ते काही बरोबर झालं नाही.

पाचव्या दिवशी तुकडा खिशात टाकून उद्यमनगरात आमच्या लेथवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी तो उजेडाकडे धरला.

"टेपर किती ठेवलास?"

"साडेतीन अंश. ३.५८."

"अंशाचं मला सांगू नको. सोळा मिलिमीटर अंतर सोड आणि दोन ठिकाणी व्हर्नियर लाव. एकाचा फरक यायला पाहिजे."

मी लावला. फरक दोनचा आला. पुन्हा लावला. दोनच.

काका हसले नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाले, "मी टेलस्टॉक, म्हणजे लेथचं मागचं टोक, सरकवून टेपर काढतो तेव्हा लांबीचा बत्तिसावा भाग सरकवतो. ९६ चा जॉब असला तर तीन. सहा सरकवला तर गिऱ्हाईक तो जॉब माझ्या डोक्यात घालेल."

सोळाला एक हे व्यासावर असतं. त्रिज्येवर ते बत्तिसाला एक. ड्रॉइंगवरचे ३°३५′ म्हणजे दोन्ही कडांमधला पूर्ण कोन, आणि सॉफ्टवेअरला हवा असतो अक्षापासून एका कडेपर्यंतचा, म्हणजे निम्मा: १°४७′, दशांशात १.७९. मी शंकूतही दुप्पट टाकला आणि हेलिक्समध्येही. चूक दोन्हीकडे सारखी, म्हणून स्क्रीनवर सगळं देखणं. हा आटा हाताने साडेचार फेऱ्यांच्या आसपास जायला हवा. माझा सव्वादोन जात होता. बरोब्बर निम्मा! चार दिवस हा आकडा माझ्यासमोर होता.

दोन्हीकडे १.७९ टाकलं, छापलं, साडेचारच्या जरा अलीकडे अडला. त्या क्षणी मी एकटाच मोठ्याने "हां!" म्हणालो.

कोनाची भीतीच नको असेल तर हेलिक्समध्ये कोनाऐवजी दर फेरीला वाढ द्यायचा प्रकार निवडा. पिच भागिले ३२, इथे ०.०५६७ मिलिमीटर. मी आता तेच वापरतो.

आट्याचा त्रिकोण (खाचेचा आडवा छेद) शंकूच्या उताराला काटकोनात काढू नका, मधल्या अक्षाला काटकोनात काढा. एनपीटी आणि बीएसपीटी दोन्हींत तसंच असतं, काकाही टूल तसंच लावतात. आणि हो, त्रिकोणाची रुंदी पिचएवढी पूर्ण ठेवली तर शेजारच्या फेऱ्या एकमेकींना टेकतात आणि शंकूतून खाच वजा करणं सॉफ्टवेअरला जमत नाही. ०.०१ ची फट सोडा. हेलिक्स तुकड्याच्या बाहेर एक फेरी आधी सुरू करा, नाहीतर पहिल्या आट्याला भिंतीसारखा थांबा राहतो.

पितळी अॅडॅप्टर काकांनी कातून दिला, पंपावर बसला, गळत नाही. मी गिऱ्हाइकाला फोन करून म्हटलं, पुढच्या वेळी ड्रॉइंगवर सरळ १:१६ लिहा. ते म्हणाले, "का? तीन अंश पस्तीस मिनिटं बरोबरच आहे की."